आसेगावचा कौल आणि जिल्हा परिषदेची रिकामी खुर्ची

(आसेगाव, जि. वाशिम येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जिल्हा परिषदेच्या निवडणुकीचा निकाल लागला की दोन प्रकारच्या माणसांना उत्साह चढतो. एक म्हणजे निवडून आलेला उमेदवार आणि त्याचे आप्तेष्ट. दुसरा प्रकार म्हणजे मुंबईत बसून त्या निकालातून मंत्रिमंडळाचे भविष्य वर्तविणारे पंडित. ज्यांच्या शाळेसाठी, दवाखान्यासाठी, पाण्याच्या टाकीसाठी आणि पांदण रस्त्यासाठी ही निवडणूक होते, तो मतदार मात्र गुलालाचा रंग उतरण्याच्या आत आपल्या सोयाबीन-तुरीच्या शेताकडे वळलेला असतो. निकालाचा अर्थ त्याला कोणी विचारीत नाही. आजच्या विवेचनाचा हेतू हा अर्थ मतदाराच्या बाजूने लावून पाहण्याचा आहे.

त्यासाठी आसेगावइतके योग्य गाव शोधूनही सापडणार नाही. मंगरूळपीर तालुक्यातील या गटातल्या मतदारांनी एकाच जिल्हा परिषदेच्या एकाच मुदतीत दोन वेळा मतदान केले. पहिले ७ जानेवारी २०२० रोजी, सार्वत्रिक निवडणुकीत. दुसरे ५ ऑक्टोबर २०२१ रोजी, पोटनिवडणुकीत. दोन्ही मतदानांच्या मध्ये सदस्याचा मृत्यू झाला नव्हता किंवा त्याने राजीनामाही दिला नव्हता. रिक्त झाली ती जागा, आणि ती रिक्त केली सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने. आसेगावबरोबर काटा, पार्डी टकमोर, उकळीपेन, पांगरी नवघरे, कवठा, गोभणी, भर जहाँगीर, दाभा, कंझरा, भामदेवी, कुपटा, तळप आणि फुलउमरी, अशा एकूण १४ गटांवर हीच पाळी आली. ही घटना नीट समजून घेतली, तर ग्रामीण महाराष्ट्रातील लोकशाहीचे बलस्थान आणि तिचे दुखणे दोन्ही ध्यानात येतात.

आकडे काय सांगतात

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ११,९७,१६० असून त्यांतील पाचांपैकी चारांहून अधिक लोक खेड्यांत राहतात. जिल्हा परिषदेचे सदस्य ५२. म्हणजे एका सदस्यामागे ढोबळमानाने १९ हजार माणसे. आमदाराला लाखांनी माणसे सांभाळावी लागतात. जिल्हा परिषद सदस्याला मतदार नावाने, घराने आणि नात्यागोत्याने ओळखतो. लोकप्रतिनिधी आणि लोक यांच्यातील हे अंतर जितके कमी, तितकी लोकशाही सकस, असे मानण्याची रीत आहे. ती बऱ्याच अंशी खरी असली, तरी अंतर कमी असले की दडपणही जवळून येते, हे विसरता कामा नये.

जानेवारी २०२० च्या निकालात राष्ट्रवादी काँग्रेसला १२, काँग्रेसला ९, वंचित बहुजन आघाडीला ८, भारतीय जनता पक्षाला ७, माजी खासदार अनंतराव देशमुख यांच्या जिल्हा जनविकास आघाडीला ७, शिवसेनेला ६, स्वाभिमानी शेतकरी संघटनेला १ आणि अपक्षांना २ जागा मिळाल्या. सर्वांत मोठ्या पक्षाकडे सभागृहाचा चौथा हिस्सादेखील नव्हता. बहुमताला २७ हवेत. राष्ट्रवादी, काँग्रेस आणि शिवसेना यांची बेरीज नेमकी २७ होते. राज्यात या तीन पक्षांचे सरकार येऊन तेव्हा जेमतेम दीड महिना झाला होता. अध्यक्षपद राष्ट्रवादीकडे गेले.

पुढे ऑक्टोबर २०२१ मध्ये १४ जागांची फेरनिवडणूक झाली. तीत राष्ट्रवादीला ५, काँग्रेसला २, भाजपला २, शिवसेनेला १ आणि इतरांना ४ जागा मिळाल्या. सत्तेवरील तीन पक्षांची बेरीज १४ पैकी ८. निकालाच्या दिवशी काहींनी याला सरकारच्या कारभारावरचे शिक्कामोर्तब म्हटले, तर काहींनी इतर जिल्ह्यांतील आकडे दाखवून विरोधी पक्षाचा उदय घोषित केला. दोन्ही निष्कर्ष घाईचे होते. ५२ पैकी २७ म्हणजे ५२ टक्के आणि १४ पैकी ८ म्हणजे ५७ टक्के. अवघ्या १४ गटांच्या नमुन्यात एक जागा इकडची तिकडे झाली की ७ टक्क्यांचा फरक पडतो. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही एवढ्या लहान नमुन्यावरून सिद्धांत मांडण्याची परवानगी नसते. राजकीय भाष्यकारांना ती कोणी दिली, हे कळत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट मतांच्या विभागणीची आहे. आपल्याकडे सर्वाधिक मते मिळविणारा विजयी होतो. निम्म्याहून अधिक मते मिळविण्याचे बंधन त्याच्यावर नाही. समजा, एका गटात १० हजार मतदान झाले आणि पाच तुल्यबळ उमेदवार उभे राहिले, तर अडीच हजार मतांचा धनी विजयी होऊ शकतो आणि साडेसात हजार मतदारांची पसंती सभागृहाबाहेर राहते. जेथे सात पक्ष-आघाड्या आणि अपक्ष सभागृहात पोचतात, तेथे प्रत्यक्ष लढती किती कोनांच्या असतील, याची कल्पना करता येते. अशा लढतीत विचारापेक्षा गणित श्रेष्ठ ठरते. कोणाच्या मतांत कोण फूट पाडील, कोणत्या जातीचे दोन उमेदवार उभे करावेत, कोणाला शेवटच्या दिवशी अर्ज मागे घ्यायला लावावा, या डावपेचांना निवडणूक समजण्याची सवय कार्यकर्त्यांना लागली आहे. डावे, समाजवादी पक्ष या खेळात मागे पडले, याचे एक कारण त्यांच्याजवळ पैसा नव्हता हे आहेच. मात्र दोन निवडणुकांच्या मधल्या पाच वर्षांत गटात राहून काम करण्याची त्यांची जुनी शिस्त ढिली पडली, हे दुसरे कारण अधिक जिव्हारी लागणारे आहे.

स्थानिक आघाड्यांचा अर्थ

या निकालात एक जिल्ह्यापुरती आघाडी सात जागा मिळविते, ही बाब अनेकांना विचित्र वाटली. वस्तुतः तिच्यात नवे काही नाही. महाराष्ट्राच्या १९८६ च्या स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायद्यानेच पक्षाच्या बरोबरीने ‘आघाडी’ हा शब्द मान्य केलेला आहे. कायदा करणाऱ्यांना वास्तव ठाऊक होते. तालुक्यातील वजनदार कुटुंब, बाजार समिती, खरेदी-विक्री संघ, शिक्षणसंस्था आणि जिल्हा बँक यांच्याभोवती जमणारे सत्तेचे वर्तुळ पक्षाच्या सीमा ओलांडून जाते. पक्षाचे तिकीट नाकारले गेले, की ते वर्तुळ स्वतःची आघाडी उभारते. पुढे सोयीचे झाले, की एखाद्या पक्षात विलीनही होते.

दुसरीकडे वंचित बहुजन आघाडीच्या आठ जागांचा अर्थ निराळा आहे. वाशिम हा जुन्या अकोला जिल्ह्याचा भाग. तेथे भारिप बहुजन महासंघाने १९९० च्या दशकात दलित आणि लहान-लहान ओबीसी जाती यांची मोट बांधून जिल्ह्याच्या राजकारणात जी जागा मिळविली, तिला ‘अकोला पॅटर्न’ हे नाव पडले. ज्यांची गावात चार घरे, अशा जातींतील माणूस जिल्हा परिषदेच्या सभागृहात बसू शकतो, हे त्या प्रयोगाने दाखविले. त्याच्या मर्यादा कोणत्या आणि त्याचे राजकीय मित्र कोण, याविषयी मतभेद असू शकतात. परंतु एका कुटुंबाभोवती जमलेली आघाडी आणि वंचित समूहांच्या एकजुटीतून उभी राहिलेली आघाडी यांना ‘इतर’ या एकाच रकान्यात टाकणे, हे निकाल वाचण्याचे आळशी तंत्र आहे.

येथे अशोक मेहतांची आठवण अपरिहार्य आहे. समाजवादी चळवळीत घडलेल्या या विचारवंताच्या अध्यक्षतेखाली जनता सरकारने डिसेंबर १९७७ मध्ये पंचायत राज्याविषयी समिती नेमली. ऑगस्ट १९७८ मध्ये आलेल्या तिच्या अहवालाने राजकीय पक्षांनी पंचायत निवडणुकांत उघडपणे, आपल्या चिन्हावर उतरावे, अशी शिफारस केली. सर्वोदयी मंडळींना ती रुचणारी नव्हती. पक्षविरहित ग्रामराज्य हे त्यांचे स्वप्न होते. मेहता समितीचे म्हणणे साधे होते. पक्ष दारातून आला नाही तर खिडकीतून येतो. मग तो कार्यक्रम घेऊन दारातून आलेला बरा. त्यामुळे मतदाराला जाब विचारायला एक ठिकाण राहते. वाशिमच्या निकालाकडे पाहताना ही शिफारस उलट्या बाजूने तपासावी लागते. पक्ष दारातून आले, चिन्हेही आली, परंतु कार्यक्रम उंबऱ्याबाहेरच राहिला. जिल्ह्यातील शाळांचे काय करणार, प्राथमिक आरोग्य केंद्रांतील रिक्त पदे कशी भरणार, लघुपाटबंधाऱ्यांची दुरुस्ती कोणत्या क्रमाने करणार, यांचा जिल्ह्यापुरता जाहीरनामा किती पक्षांनी मतदारांपुढे ठेवला?

चौदा जागा का रिक्त झाल्या

आता मूळ घटनेकडे येऊ. महाराष्ट्रात १९९४ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत नागरिकांच्या मागासप्रवर्गासाठी २७ टक्के जागा राखीव आहेत. या प्रवर्गात इतर मागासवर्गीयांबरोबर विमुक्त जाती आणि भटक्या जमातीही येतात. वाशिमसारख्या जिल्ह्यात याचे महत्त्व विशेष आहे, कारण मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान, आणि हा समाज या भागात मोठ्या संख्येने आहे. ५२ चे २७ टक्के काढले, तर १४ जागा होतात. रिक्त झालेल्या जागाही १४ च आहेत.

अनुसूचित जाती आणि जमातींच्या जागा त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात ठेवणे राज्यघटनेने बंधनकारक केले आहे. त्या ठरल्यावर त्यांत सरसकट २७ टक्के मिळविले, की काही जिल्ह्यांत एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या पलीकडे जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१० मध्ये कृष्णमूर्ती खटल्यात सांगितले होते की, राजकीय मागासलेपण हे शिक्षण-नोकरीतील मागासलेपणाहून वेगळे असते; ते तपासूनच आरक्षण ठरवावे आणि एकूण मर्यादा पाळावी. राज्याने त्यानंतर दहा वर्षे ही तपासणी केली नाही. विकास किसनराव गवळी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्याचा निकाल ४ मार्च २०२१ रोजी लागला, आणि तीन अटी पुन्हा ठासून सांगितल्या गेल्या. स्वतंत्र आयोग नेमून मागासलेपणाची समकालीन, अनुभवाधिष्ठित चौकशी करावी. त्या आधारे प्रत्येक संस्थेपुरते प्रमाण ठरवावे. आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत ठेवावे. वाशिम, अकोला, नागपूर, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांत जागा रिक्त झाल्या. पालघरच्या जागा धरून एकूण ८५ गट आणि १४४ गणांत पोटनिवडणूक लागली. वाशिमच्या वाट्याला १४ गट आणि २७ गण आले. आधी १९ जुलै २०२१ ही तारीख ठरली होती. साथीच्या भीतीने ती पुढे ढकलली गेली.

या निर्णयावर न्यायालयाला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे, आणि अनेकांनी तसे केलेही. समाजवादी कार्यकर्त्याने मात्र अधिक कठोर प्रश्न विचारला पाहिजे. ज्या चळवळीने मागास जातींच्या राजकीय वाट्याचा आग्रह देशात सर्वांत आधी धरला, त्या चळवळीच्या वारसांनी आणि त्यांच्या मित्रांनी सत्तेवर असताना या जातींची मोजदाद का केली नाही? सामाजिक न्याय हा करुणेचा विषय आहे, तितकाच तो आकडेवारीचा विषय आहे. ज्या समूहाची संख्या, शेतजमीन, शिक्षण आणि प्रतिनिधित्व मोजलेले नाही, त्याचा हक्क न्यायालयात टिकविता येत नाही. पुढे जयंतकुमार बांठिया आयोग नेमला गेला, आणि त्याचा अहवाल सर्वोच्च न्यायालयाने २० जुलै २०२२ रोजी स्वीकारला. परंतु मतदार याद्यांतील आडनावांवरून जात ओळखण्याच्या पद्धतीवर ओबीसी संघटनांनीच आक्षेप घेतले, आणि ते निराधार नव्हते. एकच आडनाव अनेक जातींत असते, हे खेड्यातील शेंबडे पोरही सांगेल. घरोघर जाऊन विचारण्याचे कष्ट टाळले, की अशी शास्त्रीय दिसणारी पण कच्ची आकडेवारी हाती येते. केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जनगणनेत जातींची नोंद घेण्याचा निर्णय जाहीर केला. ही मागणी मान्य झाल्याचे समाधान जरूर मानावे. परंतु मोजणीत भटक्यांचे पाल, तांडा आणि पोड सुटणार नाही, याची दक्षता घेणे हे कार्यकर्त्याचेच काम राहील.

पोटनिवडणुकीत या १४ जागा सर्वसाधारण म्हणून लढविल्या गेल्या. बहुतेक पक्षांच्या नेत्यांनी तेथे ओबीसी उमेदवारच देऊ, असे जाहीर केले. हे औदार्य चांगलेच होते. पण हक्क आणि औदार्य यांत मोठे अंतर आहे. हक्काच्या जागेवर माळ्याची, तेल्याची किंवा तांड्यावरची स्त्री स्वतःच्या बळावर उभी राहते. औदार्याच्या जागेवर तिला कोणाच्या तरी कृपेने उभे केले जाते, आणि ती कृपा पुढच्या निवडणुकीपर्यंत टिकेलच असे नाही.

पैसा कोठून येतो, निर्णय कोण घेतो

निवडणुकीचे महत्त्व निवडून आलेल्या संस्थेच्या हाती काय आहे, यावरून ठरते. महाराष्ट्राने १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा केला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. शेजारच्या पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्यांची रूपरेषा आखली होती. बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये गटपातळीवर भर दिला होता. नाईक समितीने जिल्हा हा केंद्रबिंदू मानला. आमदार-खासदारांना परिषदेबाहेर ठेवण्याचे धैर्यही तिने दाखविले. शिक्षण, आरोग्य, शेती, पशुसंवर्धन, बांधकाम, समाजकल्याण, अशी ग्रामीण जीवनाची जवळजवळ सर्व अंगे परिषदेकडे आली. डॉ. राममनोहर लोहियांनी गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र अशा चार खांबांवरील राज्याची कल्पना मांडली होती. त्यांतील दुसरा खांब महाराष्ट्रात उभा राहिला, असे तेव्हा वाटले.

हा खांब पुढे आतून पोखरला गेला. परिषदेचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे जमीन महसुलावरील उपकर, मुद्रांक शुल्कातील वाटा आणि किरकोळ बाबी. बाकी सारा पैसा राज्य आणि केंद्र यांच्या योजनांतून, कोणत्या कामावर खर्चावा याच्या अटींसह येतो. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या काळातले अनुदान थेट ग्रामपंचायतींना दिले. जिल्हा परिषद आणि पंचायत समिती यांना त्यातून काहीच मिळाले नाही. पंधराव्या आयोगाने तीनही स्तर पुन्हा धरले, तेव्हा महाराष्ट्रात ग्रामपंचायतींना ८०, पंचायत समित्यांना १० आणि जिल्हा परिषदांना १० टक्के असे वाटप ठरले. ग्रामपंचायतीला पैसा मिळतो याविषयी तक्रार असण्याचे कारण नाही. पण दोन तालुक्यांतून वाहणाऱ्या नाल्याचे किंवा वीस गावांच्या आरोग्य केंद्राचे नियोजन एकट्या ग्रामपंचायतीला करता येत नाही.

जिल्ह्याच्या विकासाचा मोठा निधी जिल्हा नियोजन समितीकडून येतो. राज्यघटनेनुसार तिचे किमान चार-पंचमांश सदस्य निवडून आलेल्या स्थानिक प्रतिनिधींतून यावयाचे असतात. अध्यक्षस्थानी मात्र पालकमंत्री बसतो. बदल्या आणि नेमणुका यांची कथाही तशीच. २०१७ पासून प्राथमिक शिक्षकांच्या बदल्या राज्याच्या संगणकीय पद्धतीने होऊ लागल्या. परिषदेत बदल्यांचा जो बाजार भरत असे, तो पाहता शिक्षकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, यात नवल नाही. परंतु गैरवापर झालेला अधिकार सुधारण्याऐवजी तो मंत्रालयाकडे नेला गेला, हेही तितकेच खरे. जानेवारी २०१८ मध्ये नीती आयोगाने देशातील आकांक्षित जिल्हे निवडले. महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचे धाराशिव) आणि वाशिम यांचा त्यांत समावेश झाला. तेथे आरोग्य-पोषण, शिक्षण, शेती-पाणी यांच्या निर्देशांकांवर जिल्ह्याची प्रगती मोजली जाते. हे सारे विषय मुळात जिल्हा परिषदेचे. प्रगतीचा जाब मात्र जिल्हाधिकाऱ्याला विचारला जातो. ज्या सदस्याला आसेगावने निवडून दिले, त्याला या गुणपत्रिकेत नावापुरतेही स्थान नाही.

परदेशातील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. इंग्लंडमध्ये १९७२ च्या कायद्यानुसार १ एप्रिल १९७४ पासून ग्रामीण भागात नव्या डिस्ट्रिक्ट कौन्सिल आल्या. घरबांधणीची परवानगी, कचरा, स्थानिक निवास अशी त्यांची कामे. शाळा आणि रस्ते त्यांच्या वरच्या काउंटी कौन्सिलकडे. म्हणजे विषयांच्या यादीत आपली जिल्हा परिषद त्यांच्याहून कितीतरी संपन्न. तेथेही सर्वाधिक मतांचा नियमच चालतो, तेथेही अपक्ष निवडून येतात, आणि मतदान तर पुष्कळदा एक-तृतीयांशाच्या आसपास घुटमळते. आमच्या खेड्यातील मतदार रांगेत उभे राहण्याच्या बाबतीत त्यांना लाजवील. परंतु दोन गोष्टींत ते पुढे आहेत. तेथील कौन्सिल रहिवाशांकडून कर घेते, म्हणून मतदार खर्चाचा हिशोब मागतो. आणि कौन्सिलचा मुख्य अधिकारी कौन्सिलच नेमते. आपला मुख्य कार्यकारी अधिकारी राज्य सरकार पाठविते आणि राज्य सरकारच परत बोलावते. ज्याची नेमणूक सभागृहाने केलेली नाही, तो सभागृहाला किती जुमानील?

निवडणूक न होणे हाही एक निकालच

महाराष्ट्रात १९६२, १९६७ आणि १९७२ मध्ये जिल्हा परिषदांच्या निवडणुका झाल्या. पुढची १९७९ मध्ये झाली आणि त्यानंतरची थेट १९९२ मध्ये. निवडणुका सरकारच्या सोयीने पुढे ढकलण्याच्या या सवयीला आळा घालण्यासाठीच ७३ वी घटनादुरुस्ती झाली. ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. पाच वर्षांची मुदत, राज्य निवडणूक आयोग आणि राखीव जागा यांना त्यामुळे घटनेचे कवच मिळाले. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने किशनसिंग तोमर खटल्यात २००६ मध्ये बजावले.

इतके सारे असूनही २०२२ पासून महाराष्ट्रातील बहुसंख्य जिल्हा परिषदा प्रशासकांच्या हाती गेल्या. वाशिमच्या परिषदेची मुदत जानेवारी २०२५ मध्ये संपली, आणि तेथेही प्रशासक आला. आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेचा वाद, सदस्यसंख्येचा वाद, प्रत्येक वादाचे कारण वेगळे, परिणाम एकच. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी बांठिया अहवालापूर्वीचे ओबीसी आरक्षण धरून चार महिन्यांत निवडणुका घेण्यास सांगितले. १६ सप्टेंबर २०२५ रोजी ती मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ५० टक्क्यांची मर्यादा ओलांडणाऱ्या संस्थांचा प्रश्न पुन्हा न्यायालयापुढे उभा राहिला. २०२१ मध्ये आसेगावच्या मतदाराला ज्या प्रश्नाने दुसऱ्यांदा केंद्रावर नेले, तोच प्रश्न चार वर्षांनी राज्यापुढे जसाच्या तसा उभा होता.

प्रशासकाच्या राजवटीत कामे होत नाहीत असे नाही. काही ठिकाणी ती वेगानेही होतात. परंतु कोणते काम आधी व्हावे, हे कोणी ठरवायचे? फुलउमरीचा रस्ता आधी की कंझऱ्याची शाळाखोली, या प्रश्नाला तांत्रिक उत्तर नसते. ते उत्तर भांडून, समजावून, देवाणघेवाण करून सभागृहातच काढावे लागते. ज्या दिवशी हे भांडण बंद होते, त्या दिवशी ठेकेदार आणि आमदार यांचा मार्ग मोकळा होतो. शिवाय निम्म्या जागांवरून निवडून येणाऱ्या स्त्रियांना राजकारणाचे पहिले शिक्षण मिळते ते याच सभागृहात. २०११ मध्ये महाराष्ट्राने स्त्रियांसाठी ५० टक्के जागा राखल्या. निवडणूक लांबली, म्हणजे त्या शाळेलाच टाळे लागले.

कार्यकर्त्यांसाठी

आता शेवटचा आणि व्यवहाराचा भाग. निवडणुका आज होवोत वा उद्या, काही कामे निवडणुकीवर अवलंबून नाहीत.

पहिले काम हिशोबाचे. जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातील २० टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणावर आणि १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करण्याचे बंधन आहे. आपल्या गटात त्यांतून काय आले, कोणाला मिळाले, याची माहिती माहितीच्या अधिकारात मागवावी आणि ग्रामसभेत वाचून दाखवावी. झेरॉक्सच्या चार पानांनी जे होते, ते चाळीस भाषणांनी होत नाही.

दुसरे काम जाहीरनाम्याचे. प्रत्येक गटासाठी पाच कलमी, त्या गटापुरता कार्यक्रम तयार करावा. आरोग्य केंद्रातील रिक्त पदे, शाळेतील शिक्षकांची संख्या, नादुरुस्त बंधारे, अंगणवाडीची इमारत, उन्हाळ्यातील पाण्याचे स्रोत यांची नोंद गावोगाव फिरून करावी. हा कागद हाती असला, की कोणत्याही पक्षाच्या उमेदवाराला जाब विचारता येतो. आणि आपला उमेदवार उभा केला, तर त्याच्याजवळ जातीच्या गणिताखेरीज बोलायला काही असते.

तिसरे काम मोजणीचे. जातवार नोंद करणारा प्रगणक तांड्यावर, वाडीवर, पालावर पोचतो की नाही, हे कार्यकर्त्याने पाहावे. गवळी खटल्याने शिकविलेला धडा हाच आहे. मागासांचा हक्क घोषणांनी मिळविता येतो. टिकविता येतो तो नोंदींनी.

चौथी गोष्ट मागणीची. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्षपद जिल्हा परिषद अध्यक्षाकडे असावे, राज्याच्या करउत्पन्नातील ठराविक वाटा अटींविना परिषदेला मिळावा, आणि मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली नाही तर त्याची जबाबदारी कोणावर, हे कायद्यात लिहिले जावे. ज्या कर्नाटकात जनता पक्षाच्या सरकारने १९८३ चा कायदा करून आणि १९८७ मध्ये निवडणुका घेऊन जिल्हा परिषदांना खरी सत्ता दिली, स्त्रियांना २५ टक्के जागा दिल्या, तेथील मंत्री अब्दुल नझीरसाब यांचे नाव खेड्यापाड्यांत आदराने घेतले जात असे. जिल्ह्याला सत्ता देणारे सरकार निवडणुकीत हरू शकते. पण त्याने दिलेली सत्ता परत घेणे पुढच्या सरकारला जड जाते, हा त्या प्रयोगाचा धडा आहे.

आसेगावच्या मतदाराने एका मुदतीत दोनदा रांगेत उभे राहून आपले कर्तव्य बजावले. पहिल्या वेळी दिलेले मत दुसऱ्यांदा द्यावे लागले, ते राज्यकर्त्यांनी आपले घरकाम केले नव्हते म्हणून. तक्रार न करता तो पुन्हा केंद्रावर गेला. त्याच्या या धीराला लोक गृहीत धरतात. समाजवाद्यांनी तरी ते करू नये. त्याने निवडून दिलेल्या सभागृहाला पैसा, अधिकार आणि मुदत या तीनही गोष्टी मिळवून देणे, हे पुढच्या पाच वर्षांचे काम आहे. त्याची सुरुवात मुंबईत होणार नाही. ती याच गटातील ग्रामसभेत, हिशोबाचा कागद हाती घेऊन करावी लागेल.